लाल फडक्यातली माणसं

जुन्या कागदांचं एक बरं असतं. झाडून, लाल फडक्यात बांधून, नंबर टाकून मांडणीवर ठेवले की ते गप्प बसतात. किस्से मात्र बसत नाहीत! आम्ही जुनी माणसं चहाला भेटलो की एकातून एक निघतातच.

मी कोर्टातली रेकॉर्ड क्लार्क. राहते पेणला. निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत पुन्हा बोलावणं आलं, "जुने दावे नीट लावून स्कॅन करायचेत, येता का?" सोबत होता शिपाई नाईक, आणि मोडी वाचायला रोह्याहून सकाळच्या गाडीने येणारे गुरुजी, शाळेतले निवृत्त मास्तर. आम्ही तिघं तीन वर्षं त्या खोलीत होतो. घराण्याचा शोध घेत लोक यायचे. कोणाला पणजोबा हवे असत, कोणाला मूळ गाव. काय दिवस होते!

*

नाईक कागदांना 'आजोबा' म्हणायचा. बाजारातले ब्रश त्याला राठ वाटले, म्हणून ओळखीच्या गणपतीच्या कारखान्यातून डोळे रंगवायचा मऊ ब्रश मागून आणला आणि त्यानेच पानं झाडायचा.

एकदा एक मोठे वकील आले. सवयीने बोट जिभेला लावलं आणि पान उलटायला गेले. नाईक ओरडला, "साहेब, आजोबांना थुंकी नाय लावायची!"

मी म्हटलं, झालं, आता तक्रार जाणार. पण वकीलसाहेबांनी मुकाट्याने बोट रुमालाला पुसलं. पुढे कधीही आले की दारातूनच विचारायचे, "काय नाईक, आजोबा बरे आहेत ना?"

*

एके दुपारी गुरुजी भिंग धरून वाचता वाचता एकदम खो खो हसायलाच लागले. दोन शेजाऱ्यांचा फणसावरून दावा होता. खोड एकाच्या परसात, फांदी दुसऱ्याच्या. नुसत्या तारखांवर तारखा!

"निकाल काय लागला हो?" मी विचारलं.

"फणस पिकून पडला. दोघांच्या पोरांनी मिळून खाल्ला. आता पक्षकार लिहून देतात, भांडायला काही उरलं नाही!"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी जेवणाच्या डब्यातून गरे काढून आमच्यापुढे ठेवले. म्हणाले, "पुरावा."

*

निडी गावचा एक जण यायचा. कंपनीत कामाला. फर्स्ट शिफ्ट संपली की थेट आमच्याकडे. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की तुझ्या पणजोबांनी कोर्टात लय गाजलेली साक्ष दिली होती. पाच-सहा फेऱ्या झाल्या आणि एकदाची ती साक्ष सापडली. गडी हात जोडून उभा राहिला.

गुरुजींनी वाचलं, "मला यातले काही माहीत नाही. मी त्या वेळी झोपलो होतो."

आम्हालाच कसंनुसं झालं. त्याचा चेहरा मात्र असा फुलला!

"आमचेच हो, आमचेच! आजोबा तसेच, बाबा तसेच. माझी बायको पण हेच म्हणते, काही झालं तरी मी झोपलेलाच!"

फोटोकॉपी घेऊन गेला. म्हणे फ्रेम करून लावली.

*

दोन चुलतभाऊ. जमिनीवरून अकरा वर्षं अबोला. एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच दाव्यातला नकाशा बघायला हजर! मी घाबरले. नाईक अजिबात नाही.

नकाशा चादरीएवढा, घड्यांवर विरलेला. नाईकने दोन कोपरे एकाच्या हातात दिले, दोन दुसऱ्याच्या. "असंच धरा. मी फोटो काढतो. हललात तर फाटेल, मग दोघांना पण काय मिळायचं नाय!"

बिचारे श्वास रोखून उभे. नाईकने चांगली वीस मिनिटं घेतली. एवढी लागत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

शेवटी एक जण म्हणाला, "तुझी बाजू जरा खाली घे."

दुसरा म्हणाला, "हात भरून आलाय रे."

जाताना दोघं एकाच स्कूटरवरून गेले.

*

इस्राएलहून एक बाई आल्या. इथल्या ज्यू तेली घराण्यातल्या, लहानपणी देश सोडलेल्या. मराठी मात्र तेव्हाचीच, "व्हय, व्हय" करणारी. त्यांच्या पणजोबांचा एक अर्ज निघाला, 'शनिवारी आमचा घाणा बंद आणि मीही बंद. सबब दुसरी तारीख मिळावी.'

बाई हसता हसता रडायला लागल्या. "आम्ही अजून शनिवारी बंदच असतो हो! तारीख मिळाली का त्यांना?"

"मिळाली," गुरुजी म्हणाले. "सोमवारची."

*

आणि कासूकडच्या त्या आजी. ऐंशीच्या पुढच्या, जन्म मिठागरावर गेलेला. नातीचा हात धरून आल्या. म्हणाल्या, "माज्या आयचं माहेरचं नाव काय व्हतं, तेवढं बघा."

आई त्यांना जन्म देतानाच गेली होती. फोटो नाही, काही नाही. लग्नात सासरी ठेवलेलं नाव ठाऊक होतं, माहेरचं सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आईच्या बापाचं नाव हाशा, आणि त्याला ही एकच लेक, एवढंच माहीत.

दोन महिने शोधलं. शेवटी खाडीचा बांध फोडल्याचा एक खटला निघाला. साक्षीदारांत लिहिलं होतं, 'ठकी, बाप हाशा, वय सुमारे नऊ.'

आजींना बोलावून घेतलं.

"ठकी," त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा म्हणाल्या, "ठकी." मग विचारलं, "काय बोललीय ती?"

गुरुजींनी सावकाश वाचलं.

'मी बांधाखाली चिंबोऱ्या धरत होते. वर दोन माणसे होती. एकाच्या हातात फावडे होते. तोंडे पाहिली नाहीत. मी चिंबोरीकडे बघत होते, ती चावते. बांध कोणी फोडला मला ठाऊक नाही. पाणी आले तेव्हा मी पळाले. मला आता घरी जाऊ द्या.'

आजींनी पदराला हात पुसले, कागदाच्या अगदी जवळ वाकल्या आणि हळूच म्हणाल्या,

"जा गो बाय, जा. घरी जा."