सुरूवरचं बिऱ्हाड

निवृत्तीनंतर आम्ही किनाऱ्यावर घर बांधलं. समुद्र नीट दिसावा म्हणून समोरचं सुरूचं उंच झाड तोडायचं ठरलं. तोडणारे आले त्याच सकाळी समुद्रगरुडांची जोडी शेंड्यावर घरटं बांधायला लागली. एकाने काटकी आणायची आणि दुसऱ्याने ती उचलून भलतीकडेच ठेवायची.

"जागा बघताना आपलंही असंच चाललं होतं," बायको हसत म्हणाली. "माणसांना चहा द्या आणि परत पाठवा."

झाड राहिलं. एवढा लांब किनारा सोडून त्यांना आमचंच अंगण का आवडलं असेल? उंची, वारा, मासळी त्यांनी पाहिली असेलच. पण घराची जागा शेवटी मनाला पटावी लागते.

काल त्यांचं पिल्लू पहिल्यांदा उडालं. आम्ही दोघांनी ओटीवर उभं राहून टाळ्या वाजवल्या.