दोरा काढल्यावर

आमच्या ह्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. एकतीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करतायत आणि एकाही गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर विश्वास ठेवलेला नाही. बाई सांगते टाके सुटतात. ह्यांचं म्हणणं, हिनेच सुई वाकवली आणि आता साळसूदपणाचा आव आणतेय. मग तिला दुकानाबाहेर काढायचं, दोरा-कापड काढून मशीन रिकामं चालवायचं आणि लांब स्क्रू ड्रायव्हर मशीनला टेकवून त्याची मूठ कानाला लावून ऐकायचं. दोरा असला की मशीन दोऱ्याचा आवाज काढतं, स्वतःचा नाही, असं हे म्हणतात. घरीही तीच तऱ्हा. नुसतं 'आज लवकर या' म्हटलं तरी, का, कोण येणार आहे?

अशा माणसाकडे माझे धाकटे दीर आले, अकरा वर्षांनी. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून भांडून गेले होते. रस्त्यात दिसलो तर बाजू बदलायचे. आता जाऊबाईंसकट दारात, हातात फळांची पिशवी. वहिनी, घर किती छान ठेवलंय! छान कसलं डोंबलाचं, तीन वर्षं रंग नाही भिंतींना. त्यात जाऊबाई विचारतात, दादांना साखरबिखर नाही ना? माझ्या मनात पाल चुकचुकली. चहा संपता संपता निघालंच. दिरांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. ह्यांचं एक हवं होतं.

ते गेल्यावर मी तोंड सोडलं. अकरा वर्षांत भाऊ जगला की मेला विचारलं नाही, आणि आता आठवण झाली ती त्याच्या पोटातल्या भागाची. हे सरळ जाऊन तपासण्या करून आले. जुळू नये म्हणून मी प्रार्थना केली होती, खोटं कशाला सांगू? पण जुळलं. डॉक्टरांनी विचार करायला आठ दिवस दिले.

त्या आठवड्यात हे रोज दुपारी शटर अर्धं ओढून एकटेच बसायचे. शेजारचा शिंपी काळजीने सांगायला आला, मिस्त्री हातात काम न घेता बसलेत. मला वाटलं, दीर चोरून फोन करून गळ घालत असणार. ह्यांचा फोन तपासला. एकही कॉल नाही. सातव्या दिवशी मी शटरखालून वाकून आत गेले आणि विचारलं, काय ठरलं.

"पहिल्यांदा आतून 'दे' असं आलं," ते म्हणाले. "मला संशय आला. बघतो तर, त्यानं जन्मभर माझ्यापुढे मान खाली घालावी म्हणून द्यायचं होतं. ते बाजूला काढलं. मग 'नको' आलं, अगदी ठाम."

"मग?"

"तो आवाज तुझा होता."

मला झोंबलं. तरी विचारलं, आता काय उरलंय.

"तो मरू नये असं वाटतं. आणि फार भीती वाटते गं. दोनच गोष्टी. सगळ्या बाजूंनी पाहिलं, त्यांच्यामागे काही लपलेलं नाही."

"म्हणजे देणार?"

"देणार."

दवाखान्यात समुपदेशक बाईंनी मला एकटीला आत बोलावलं. कुणाचा दबाव आहे का, तुमची मनापासून संमती आहे का? बोलायचं सगळं मी घरून पाठ करून आले होते. दिरांचा राग, जाऊबाईंचा गोडवा, अकरा वर्षं. एकेक तोंडाशी आलं आणि एकेक खोटं वाटायला लागलं. खाली एवढंच होतं, हे ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाहीत तर मी काय करू? ते ह्यांना थांबवायचं कारण होतं की नुसतं माझं दुखणं, कळेना. बाईंनी संमतीचा कागद पुढे सरकवला. मी सही केली.

बाहेर बाकावर हे बसले होते. काय सांगितलंस, म्हणाले.

"सही केली."

"मनापासून?"

"मनापासून. मला कसली भीती?"

ह्यांनी नेहमीसारखं रोखून पाहिलं नाही. मान हलवली आणि माझा हात धरून बसले. सत्तावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी माझं बोलणं जसंच्या तसं खरं मानलं, आणि नेमकं तेच खोटं होतं.