चिंचेनं घासलेलं पातेलं

आमच्या शेजारच्या काकांना रिटायर झाल्यावर मेटल डिटेक्टरचा नाद लागला. इथे अमेरिकेत, आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये पाडलेल्या एका जुन्या फार्महाउसच्या जागेवर ते रीतसर परवानगी काढून शनिवारी जातात, आणि मी जातो फावडं धरायला. यंत्र वाजलं की काका हळूच "थांब, थांब" म्हणतात, जणू जमिनीतली वस्तू पळूनच जाणार आहे. बहुतेक वेळा खिळा निघतो.

मागे एकदा तांब्याचं छोटं पातेलं निघालं, हिरवं पडलेलं. जुनी वस्तू घासली की तिची किंमत जाते, असं मी वाचलं होतं. काकांनी घरी जाऊन चिंच-मीठ लावून ते लख्ख केलं.

"काका, वाट लावलीत त्याची."

"अरे, लोकांचं भांडं असं हिरवं कसं परत द्यायचं?"

त्या फार्महाउसमध्ये वाढलेल्या अमेरिकन आजीबाई जवळच राहतात, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. आम्ही द्यायला गेलो तेव्हा आजीबाईंनी पातेलं लगेच ओळखलं, पण आत बघून गोंधळल्या. आत बेसनाचे लाडू होते.

"वी डोन्ट रिटर्न इट एम्प्टी," काका म्हणाले.

पुढच्याच शनिवारी काकांची बेल वाजली. दारात आजीबाई, हातात तेच पातेलं, काठोकाठ कुकीज.

काकू शंकरपाळे तळता तळता मला म्हणाल्या, "आता आणखी भांडी काढू नका रे बाबांनो."