टेबलाशेजारची खाट

परवा रंगकामासाठी जुनी लोखंडी खाट सरकवली. फरशीवर तिचे पाय करकरले आणि मला साताऱ्याच्या दवाखान्यातला तो वॉर्ड आठवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बैलानं पोटात शिंग खुपसलं म्हणून माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. आयसीयू हा शब्दही आम्हाला ठाऊक नव्हता. जो पेशंट सगळ्यात गंभीर, त्याची खाट सिस्टरच्या टेबलाला खेटून लावायची, एवढीच काय ती सोय. सिस्टर उजव्या हातानं लिहायची आणि तिचा डावा हात दादाच्या मनगटावर असायचा. मधेच उठून ती त्याचे तळपाय चाचपायची, ऊब आहे ना ते बघायची. आज भिंतभर यंत्रं जे सांगतात, ते तिची बोटं सांगत होती, हे मला आता कळतं.

एका सकाळी वॉर्डबॉयनं दादाची खाट करकर ओढत पार टोकाच्या खिडकीशी नेली. आई लगबगीनं सिस्टरच्या टेबलाशी गेली. "आवं बाई, आशा सोडली व्हय तुमी माझ्या लेकाची?"

सिस्टर हसली. "मावशी, या टेबलापासनं लांब गेलेलं माणूसच घरी जातंय बगा. त्याला आता माझी गरज न्हाई."

तोवर रिकाम्या जागी दुसरी खाट आली. सिस्टरचा डावा हात नव्या मनगटावर गेला. त्या माणसाची बायको तोंडाला पदर लावून उभी होती. आई उठली, तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भिऊ नगंस, बाई. लय चांगली जागा मिळालीया."