मामलेदाराच्या श्राद्धाची खीर

माझ्या सासऱ्यांचे एक पूर्वज कंपनी सरकारात मामलेदार होते. इथे परदेशात, ट्रॉयला, माझा मुलगा पाहुण्यांना त्यांचं कौतुक सांगतो. मला त्या कौतुकाचा कंटाळा आला आहे.

साहेबाचा तळ पडला, तेव्हा त्यांनी गावातलं सगळं दूध तिकडे धाडलं, घरचंसुद्धा. त्यांची सून बाळंतपणात गेलेली, तान्हा नातू गाईच्या दुधावर होता. तो वाचला नाही. म्हणून मामलेदारांच्या श्राद्धाला आमच्याकडे खीर करत नाहीत.

यंदा मुलगा म्हणाला, "आई, लोक येतायत, खीर कर. कोणाला कळतंय?"

मी नातीला बोलावून सगळं सांगितलं.

ती बापाला म्हणाली, "नो खीर, डॅड."

माझ्यामागे हे कोण पाळणार, ही काळजी मिटली. वरण ढवळायला उठले, तर गुडघे दुखतच होते.