न ऐकता दिलेला होकार

निवृत्तीनंतर मी आणि माझा फोन, असा नवा संसार सुरू झाला होता. फोन कमी व्हावा म्हणून एक अ‍ॅप घेतलं. आज किती वेळ फोन पाहिला ते हे अ‍ॅप सांगायचं, आणि तेवढं बघायलाच मी सारखा फोन हातात घेत असे. बायको काही बोलली की मान वर न करता ‘हं’ म्हणायचो. त्या एका अक्षरावर घराचा कारभार चालला होता.

मे महिन्यात एका शनिवारी शेजारच्या वहिनी जिन्यात भेटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे आमरसाचं जेवण होतं, काटोलचे पाहुणे यायचे होते. म्हणाल्या, मडक्यावरच्या लांब पोळ्यांचं तुम्ही दोघांनी अंगावर घेतलं, फार बरं झालं. मी चाटच पडलो. घरी विचारलं, तर मी हं म्हटलं होतं. बायकोचा खांदा दुखत होता, म्हणून कणीक मी ताणायची असंही त्यातच ठरलं होतं. तिची ही पहिलीच ऑर्डर. बारापर्यंत पोळ्या गेल्या नाहीत, तर दुसरी कोणी दिली नसती.

सकाळी गच्चीवर चूल पेटवली, पालथं मडकं तापलं. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि अलगद मडक्यावर पसरायचा. पहिल्या दोन पोळ्या माझ्या पायावर पडल्या. तिसरी मडक्यावर पडली, पण तिला पोळी म्हणायला मन मोठं लागलं असतं. कठड्यावर फोन वाजत होता. कोपरापर्यंत कणीक माखलेला माणूस काय करणार? आधी जीव कासावीस झाला. मग हात बसला, आणि फोन कधी गप्प झाला ते कळलंही नाही. बायको भाजता भाजता बोलत होती आणि मी ऐकत होतो. फार बरं वाटलं मला.

पोळ्या वेळेत गेल्या. हात धुताना मी म्हणालो, एवढी गोष्ट मी फोनमध्ये असताना काहून विचारली? जरा थांबायचं.

“थांबली असती तं तुमी आयकलं असतं,” ती म्हणाली. “अन् आयकलं असतं तं नाही म्हनलं असतं. आजवर तेच तं म्हनत आले.”

आधी तिने शिवणाचा क्लास काढायचं विचारलं होतं, मग जेवणाचे डबे द्यायचं. दरवेळी मी नीट ऐकून घेतलं होतं आणि नाही म्हटलं होतं. फोन तर अलीकडचा. मला वाईट वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं.

आता रविवारी ऑर्डरी असतात, फोन खाली घरातच राहतो आणि इतर दिवशीही त्याची फारशी आठवण येत नाही. परवा ती समोर येऊन बसली. काहीतरी विचारायचं होतं, पण माझे रिकामे हात पाहून घुटमळली.

“फोन कुठी आहे तुमचा? घ्या ना जरा हातात.”

मी म्हणालो, तसंच विचार वं, या खेपेला ऐकून हो म्हणतो.