दारापुढची पिवळी रेघ

सांगलीत हळदीचा वास कुणाला नवा नाही, पण आज सकाळी तो आमच्याच उंबऱ्यावरून आला आणि मला ते विमान आठवलं. मी तेव्हा एअर होस्टेस होते. आटपाडीकडचा एक तरणा गडी जागेवरून उठला, खिशातल्या पुडीतून भंडारा, देवाची हळद, काढून त्यानं विमानाच्या दारापुढं रेघ ओढली आणि हात पसरून उभा राहिला. ‘प्यायलाय, बांधा त्याला!’ लोक ओरडले. मोबाइल काढायला मात्र सगळे तयार. आम्हीही बांधायचे पट्टे काढलेच होते. त्याचा म्हातारा बाप हात जोडून म्हणाला, ‘आवं ताई, दारूचा थेंब न्हाई. लय दिस झोपलाच न्हाई त्यो. भाईर कोन तरी उभं हाय म्हनतोय.’ मी पुढं झाले. ‘दादा, तुमी बसा. दार मी बघते.’ तो बसला, पण विमान उतरेपर्यंत त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. पोलीस नेत असताना वळून म्हणाला, ‘ताई, आता दार तुमच्याकडं.’ आज आमच्या उंबऱ्यावर तशीच रेघ होती, आणि तिच्याआड बसलेला, रात्रभर जागा असलेला माझा धाकटा भाऊ. ‘तू झोप रे, दार मी बघते,’ मी म्हणाले. तो पापणी न हलवता माझ्याकडं बघत राहिला.